सुंठीचं पान

जयलक्ष्मीबाईंच्या हातचं खाऊन आजवर कोणी आजारी पडलं नव्हतं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण बाई स्वतःच ते सांगत, आणि कोणी विचारायच्या आत सांगत. यजमान सुंदरराव लग्नात उभे राहिले तेव्हा त्यांचं पोट म्हणे काचेचं होतं, ताक प्यायले तरी तडा जायचा. बाईंनी सार-भात घालून घालून ते कुंभकोणच्या पितळेचं करून दिलं. बाईंची शाळा तिसरीपर्यंतची, तीही तमिळ. पण कोणाच्या पानात काय पडावं हे ठरवायला शाळा कशाला लागते, असं त्यांचं मत, आणि त्या मतापुढे घरात दुसरं मत नव्हतं.

अशा बाईंच्या घरात त्यांच्या नातीने पाल आणून ठेवली.

भिंतीवरची नव्हे. भिंतीवरची निदान आपल्या पायांनी येते, आपण काही बोललो की चुकचुकून साक्ष देते आणि ट्यूबलाइटमागे निघून जाते. ही विकत आणलेली. चेन्नईहून, कागदपत्रांसकट, काचेच्या पेटीत बसून आलेली. अंग सुंठीच्या रंगाचं, डोक्यापासून पाठीपर्यंत दोन्हीकडे काटेरी झालर, डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखे काटे. पण पापणीच नाही. पापणी नाही म्हणून डोळ्यात कण गेला की ती जीभ बाहेर काढायची आणि स्वतःचं बुबुळ चाटून घ्यायची. बाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली ताजी कॉफी मोरीत ओतून दिली.

"डोळा चाटते गे ही! शिवकामी, पाहिलंस? डोळा!"

सून शिवकामीने पाहिलं नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर उभी होती आणि चौकट सोडायला तयार नव्हती. अंगावर पाल पडली तर काय फळ मिळतं याचं पंचांगातलं पान तिला पाठ होतं. डोक्यावर पडली तर काय, हे तर ती तोंडाने उच्चारतही नसे.

"आजी, हिला क्रेस्टेड गेको म्हणतात," सुप्रजा म्हणाली. "भिंतीवरच्या पालीसारखं पल्ली पल्ली करू नकोस."

"मग काय म्हणू? जाऊबाई म्हणू?"

"सुंठी म्हण. नाव ठेवलंय मी तिचं."

"सुंठ माझ्या डब्यात आहे. ती कोणाचा डोळा चाटत नाही."

त्यात या बयेला उकाडा सोसत नाही. सुप्रजाच्या खोलीतला एसी तिच्यासाठी दिवसभर चालायचा. सुंदरराव बिचारे शेवटच्या श्वासापर्यंत पंख्याखालीच राहिले, आणि पल्ली गारव्यात लोळते आहे, हे बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. एकदा तर त्या मेलीने कात टाकली आणि ती टाकलेली कात हातमोजा ओढावा तशी दातांनी ओढून ओढून खाल्ली. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. भात पानात तसाच राहिला, आणि हे त्या घरात प्रथमच झालं.

पोंगल झाला आणि सुप्रजाचं बँकेच्या नोकरीचं प्रशिक्षण निघालं. कोइमतूरला, उन्हाळा संपेपर्यंत. वसतिगृहात माणसांनाच दाटीवाटी, तिथे पालीला कोण घेतं? बाप कृष्णप्रसाद कामाला तिरुचीत, घरी रविवारपुरता. आई उंबऱ्याबाहेर.

"कोणाकडे तरी ठेवून दे," शिवकामी म्हणाली. "आत्याबाईंना काही ते जमायचं नाही."

ती सहज म्हणाली. सासूची काळजी म्हणूनच म्हणाली. पण जमायचं नाही हे शब्द त्या घरात बाईंच्या बाबतीत कोणी कधी उच्चारले नव्हते.

"काय जमायचं नाही गे? मठाच्या आराधनेला पंगती उठवल्यात मी. बोटभर किड्याला चारायचं मला जमायचं नाही?"

"किडा नाही ती आजी, किडे खाते," सुप्रजा म्हणाली, आणि समजावू लागली. एक दिवसाआड या पाकिटातली पूड पाण्यात कालवायची, चटणीपेक्षा पातळ, पळीवरून ओघळेल इतपत, आणि संध्याकाळी या टोपणात घालून आत ठेवायची. सकाळी उरलेलं काढून टोपण धुवायचं. आठवड्यातून एकदा डब्यातले जिवंत रातकिडे. ते तसेच टाकायचे नाहीत. या पांढऱ्या भुकटीत घोळवून टाकायचे, नाहीतर तिच्या हाडांना काही मिळत नाही. सगळं मिळूनच तिचं पोषण होतं, एकही गोष्ट गाळायची नाही.

बाई ऐकत होत्या. रातकिडे म्हटल्यावर त्यांनी पदर नाकाला लावला, तो खाली घेतला नाही.

जाताना सुप्रजाने पेटीच्या काचेवर कपाळ टेकलं. मग आजीकडे वळून म्हणाली, आणि हसत नव्हती, "आजी, तुझ्या भरवशावर ठेवते. हिला उपाशी मारलंस ना, तर मी या घरात जेवणार नाही. खरंच नाही."

"उपाशी? माझ्या घरात?" बाईंना हसू आलं. आणि मग, गाडी गेल्यावर, ते आलं नाही.

कारण ही पोरगी सांगते ते करणारी. लहानपणी शेजारच्या सुब्बलक्ष्मीने तिला उष्ट्या चमच्याने पायसम दिलं, तेव्हापासून तिने त्या घरचं पाणीही प्यायलं नव्हतं. आणि बाईंच्या पंगतीला आता उरलं होतं कोण? कृष्णप्रसादला साखर. शिवकामी चिमणीसारखं टिपणारी. बाईंचं सार वाटीला तोंड लावून पिणारी आणि वर "अजून" म्हणणारी एवढी एकच उरली होती.

तर पहिल्याच संध्याकाळी बाईंनी पाकीट पुढे केलं. "यावर काय लिहिलंय ते वाच."

शिवकामीने इंग्रजी वाचलं. केळं, अंजीर, पपई. बाईंची मान हलत होती. पुढे शिवकामी अडखळली.

"वाच की!"

"माशीच्या अळ्या, आत्याबाई. वाळवून दळलेल्या."

बाईंनी पाकिटाचं तोंड उघडून हुंगलं. वास आधी गोड आला. मग त्या गोडाखालून दुसरा आला, पावसाळ्यात भिजलेल्या पोत्यासारखा, आणि तो त्यांच्या घशात जाऊन बसला. तुळशीला पाणी घालणाऱ्या या हातांनी अळ्या कालवायच्या! एकादशी करणाऱ्या घरात, देवघरापासून दोन भिंतींवर! पाकीट केराच्या डब्यात गेलं. रातकिड्यांचा डबा त्यांनी काठीच्या टोकाला अडकवून मागे नेला आणि कुंपणापलीकडे सुब्बलक्ष्मीच्या जास्वंदीत उपडा केला. किडे एकमेकांच्या पाठीवरून चढत, मिश्या हलवत पसरले. एक बाईंच्या पायावर चढला. त्यांनी त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा आंघोळ केली.

"सुप्रजाला कळलं तर?" शिवकामी म्हणाली.

"काय कळायचं? त्या पाकिटात केळं आहे ना? आपण केळंच घालू. ताजं. अळ्यांचं पीठ खाऊन ही अशी डोळे चाटणारी झाली. सात्त्विक खाऊ दे, बघ कशी सुधारते."

आणि काय सांगावं, ती पालही लबाड निघाली. देवापुढे ठेवलेलं केळं कुस्करून, त्यावर मधाचा थेंब टाकून बाईंनी ते टोपणात दिलं, तर तिने चिमटीएवढ्या जिभेने टोपण लख्ख केलं. कधी मऊ पिकलेला आंबा, कधी गूळपाणी. एकादशीला बाईंनी तिलाही उपास घडवला. "माझ्या छताखाली राहते ना? मग पाळेल." द्वादशीला सकाळी पारण्याचं केळं सगळ्यांच्या आधी तिला मिळालं. पोट वाटोळं झालं. फोनवर सुप्रजा दिसली की बाई लांबून, हात ताठ करून, पेटीसमोर फोन धरत.

"गोंडस दिसते गं! रातकिडे खाते ना?"

"भरपूर खाते," बाई म्हणत. खोटं कुठे होतं त्यात?

किळस मात्र तिळभर कमी झाली नाही. टोपण चिमट्याने आत जाई, चिमट्याने बाहेर येई. तिची विष्ठा काचेवर चिकटलेली असे, काळी, एका टोकाला पांढरी, आणि ती पुसलेलं फडकं बाई कुंपणाशी नेऊन जाळत. तिच्या पायांच्या बोटांना वाटोळ्या गाद्या होत्या, आणि काचेवर ती चाले तेव्हा चिकट चिकट उचकटल्यासारखी. बाईंना वाटे, आपल्याच पाठीवरून चालते आहे.

उन्हं तापली, आणि चालणं बिघडलं.

आधी बाईंना वाटलं की आळसावली. मग एका संध्याकाळी ती काचेवर डोकं खाली करून लटकली होती, आणि कमरेपासून मागचा भाग पाठीवर उलटा लोंबत होता, ओलं फडकं दोरीवर टाकावं तसा. मागचे पाय थरथरत होते. केळं पुढे ठेवलं तर जीभ बाहेर आली, पण तोंड मिटलं नाही. खालचा जबडा रबरासारखा एका बाजूला वाकून राहिला, आणि त्या उघड्या, गुलाबी, ओल्या फटीतून केळ्याचा लगदा परत बाहेर ओघळला.

 बाईंनी तोंड फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि दोन्ही वेळा परत पाहिलं. आपल्या हातचा घास कोणाच्या तोंडातून असा बाहेर पडताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या.

गुरांचे डॉक्टर शेषाद्री मठातले ओळखीचे. शेजारच्या साक्कोट्टै गावच्या गाईम्हशी, गावातली कुत्री, हा त्यांचा धंदा. त्यांनी पेटीत डोकावून चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग चेन्नईच्या एका मित्राला फोन लावला, त्याला व्हिडिओ दाखवला, बोटाने जबडा दाबून दाखवला. जबडा दबला. बाईंनी पदर तोंडात कोंबला.

"हाडं मऊ पडलीत," डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले. "मामी, खायला काय देता?"

"केळं. मध. आंबा. देवाचा प्रसाद." बाईंची मान ताठ होती. "वाईट काही नाही."

"किडे?"

"आमच्या घरात?"

"पूड?"

बाईंनी पदर खांद्यावर सारखा केला.

"मामी, ही साखर झाली नुसती. कॅल्शियम कुठे आहे यात? प्रथिनं कुठे आहेत? तिने स्वतःची हाडं झिजवून इतके दिवस काढलेत. असंच चाललं तर हा महिना काढायची नाही." डॉक्टर काही रागावून बोलत नव्हते, आणि तेच जास्त लागत होतं. "गाईला नुसता गूळ घातला असतात का?"

गाईचं नाव निघालं नसतं तर बरं झालं असतं. परतीच्या रिक्षात बाईंनी पेटी मांडीवर घेतली होती, मध्ये चार पदरी टॉवेल घालून. शिवकामी दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसली होती. "आत्याबाई, वीज गेली होती, एसी बंद पडला, उकाड्याने झालं असं सांगू या सुप्रजाला. रोज जातेच की वीज."

 बाई रिक्षावाल्याला म्हणाल्या, "बाजारात थांबव."

साईकुमारचं माशांचं दुकान. रंगीत दिव्यांच्या टाक्या आणि कुजक्या पाण्याचा वास. पूड दुकानात होती, तीच, अळ्यांची. रातकिडे त्याने मागच्या खोलीतून आणले. अंड्यांच्या पुठ्ठ्यावर खच्चून बसलेले, तपकिरी, मिश्याळ, खालून-वरून सरकणारे. डबा हातात घेतला तर तो आतून खरखरत होता; प्लास्टिकमधूनही तळव्याला पाय लागत होते.

"मामी, मासे पाळलेत?"

"तुला रे कशाला चौकशा? झाकण घट्ट लाव!"

रिक्षात परत बसतात न बसतात तोच सारंगपाणीच्या देवळातून येणारी सुब्बलक्ष्मी हात करून आत चढली. एकाच गल्लीत तर जायचं. पिशवीत किडे एका सुरात ओरडायला लागले.

"कसला गे आवाज हा?" सुब्बलक्ष्मीने कान टवकारले. "आमच्या जास्वंदीतही दोन महिने हेच चाललंय. डोळ्याला डोळा नाही. कुठून आलेत देव जाणे."

"फोन आहे माझा," बाई म्हणाल्या.

"घे की मग."

"नको. कृष्णप्रसादचा असेल. उगाच काळजी करतो."

फोन घर येईपर्यंत वाजत राहिला.

मग सुरू झालं ते बाईंच्या आयुष्यातलं सगळ्यात गलिच्छ काम. मागच्या पडवीत एक पाट, एक जुनी वाटी, एक चमचा, सगळं वेगळं. घरात यायचं नाही. आंघोळीआधी तिकडे, मग आंघोळ, मग देव. पाठीवर टॉवेल टाकून तिला उचलायचं. तरी ते थंड, ढिलं पोट टॉवेलमधून बोटांना कळायचं, केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखं. डॉक्टरांनी दिलेलं औषध सुईविना पिचकारीने जिभेवर थेंब थेंब. पूड कालवायची. पळीवरून ओघळेल इतपत. त्यात बाईंचा हात चुकायचा नाही. पीठ कशाचंही असो, गुठळी राहिली तर ती बाईंनी कालवलेली नव्हे. कालवताना त्या तोंडाने विष्णुसहस्रनाम म्हणत, आणि मध्येच थांबून, "शी! शी! शी!" करत, आणि परत सापडेल त्या नावापासून सुरू करत.

शेवटी जबड्याने धरायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, आता किडे चालतील, लहान बघून. आणि दाराशी पोचवताना म्हणाले, "मामी, किडे उपाशी असले तर ते रिकाम्या डब्यासारखे. आधी त्यांना दिवसभर चांगलं खाऊ घाला. पालेभाजी, गाजर. त्यांच्या पोटात जाईल तेच हिच्या पोटात जाणार."

बाई पायरीवर उभ्या राहिल्या.

"म्हणजे किड्यांचाही स्वयंपाक करू?"

"स्वयंपाक नको. चिरून दिलंत तरी पुरे."

तर जयलक्ष्मीबाई, ज्यांच्या हातची दह्यातली डांगर पच्चडी खायला तंजावरहून माणसं यायची, त्या रोज सकाळी पडवीत बसून रातकिड्यांसाठी शेवग्याचा पाला निवडू लागल्या. देठ काढून. पिवळं पान फेकून. पुठ्ठ्यावरून किडे धावत यायचे आणि कडाकडा चावायचे. तो आवाज ऐकून बाईंच्या मानेवरचे केस उभे राहायचे. "खा," त्या म्हणायच्या, "खा मेल्यांनो, संध्याकाळी तुमचीच पंगत आहे." संध्याकाळी त्यातले निवडून, पांढऱ्या भुकटीत घोळवून, चिमट्याने आत. जिलबी पाकात बुडवताना असतो तोच मनगटाचा झटका, आणि हे लक्षात आलं तेव्हा बाईंनी सबंध महिना जिलबी केली नाही. पाल दबा धरायची, शेपूट वळवळवायची, आणि किडा तोंडात अर्धा आत, अर्धा बाहेर, पाय हलत. बाई एका डोळ्याने बघायच्या. बघितल्याशिवाय कळणार कसं, पोटात गेला की नाही?

एकादशीलाही औषध चुकवलं नाही. उपास बाईंनी एकटीनेच केला.

मागचा भाग लोंबायचा थांबला. पाय धरू लागले. जबडा मात्र जरा डावीकडे राहिला तो राहिलाच.

सुप्रजा आली ती बॅग दाराशी टाकून सरळ खोलीत गेली. बाई स्वयंपाकघरात साराला फोडणी देत होत्या.  खोलीतून हाक आली.

"अम्मा! हिच्या तोंडाला काय झालंय?"

शिवकामी उंबऱ्यापर्यंत गेली. "काही नाही गे, ते वीज..."

"विजेने जबडा वाकतो? हाडं गेलीत हिची! किडे दिलेच नाहीत ना तुम्ही? तूच टाकले असशील ते, तुला भीती वाटते म्हणून! मला एका फोनवर सांगितलं असतंस तर..." पोरीने पेटीच्या काचेवर कपाळ टेकलं. "किती त्रास झाला असेल हिला!"

शिवकामीने मान खाली घातली. सासूचं नाव तिने घेतलं नाही. तिने ते या घरात आल्यापासून कधीच घेतलं नव्हतं.

बाईंनी गॅस बंद केला. पळी हातात तशीच घेऊन त्या आल्या.

"ती टाकील किडे? तिची काय बिशाद! या घरात कोणाच्या पानात काय पडायचं ते तुझी आई ठरवते की मी?"

सुप्रजा वळली.

"मी टाकले. सुब्बलक्ष्मीच्या जास्वंदीत. पूड टाकली केरात. केळं घातलं, मध घातला, एकादशी घडवली. माझ्या हातचं खाऊन तिची हाडं वितळली." बाईंची मान ताठच होती, पळीतलं सार मात्र थेंब थेंब फरशीवर पडत होतं. "बोलायचं ते मला बोल. तिला नको."

 पेटीत सुंठीने जीभ काढली आणि डावा डोळा चाटला.

"शी," बाई म्हणाल्या. सवयीने.

"आता बरी आहे ती," सुप्रजा हळूच म्हणाली. काचेवर बोट टेकलं तर सुंठी चालत बोटाकडे आली, चारही पाय धरत. "पोट भरलेलं आहे. शेपटी जाड आहे. हे कोणी केलं?"

उंबऱ्यावरून शिवकामीने नुसतं सासूकडे बोट दाखवलं.

"तू? हाताने? किडे?"

"चिमट्याने!" बाई ओरडल्या. "हाताने म्हणे! आणि जेवायचं नसेल तर नको जेवू, तू म्हणाली होतीस, माझ्या लक्षात आहे. पान मी वाढणार. उठून गेलीस तरी वाढणार." त्या वळल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. दोन पावलांवर थांबल्या. "आणि आलीच आहेस तर पडवीत जा. पाला निवडून ठेवलाय, तेवढा त्या मेल्यांना घाल. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही. रिकामे किडे घालशील तिला, आणि मग म्हणशील आजीने मारली."

पोरगी पडवीकडे गेली. थोड्या वेळाने तिथून पाला चावल्याचा कडाकडा आवाज येऊ लागला. बाईंनी केळीचं पान मांडलं, पाणी शिंपडलं, पुसलं. पावलं स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि थांबली.

"आजी, सार गरम आहे?"

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"त्या हातांनी आत पाऊल टाकशील तर बघ! आधी आंघोळ. डोक्यावरून."